तिसऱ्या मजल्यापर्यंत

स्वयंपाकघरात सांडशी पडली. फरशीवर दोनदा उडाली आणि तिचा खणखणाट घरभर फिरला, कारण त्या आठवड्यात आमच्या घरात दुसरा कसला आवाजच उरला नव्हता. आप्पांच्या मोठ्या आतड्यातली गाठ कॅन्सरची आहे असा रिपोर्ट आल्यापासून आम्ही दारंसुद्धा हलक्या हातानं लावत होतो.

"राहू दे, मी उचलतो," आप्पा आतून म्हणाले. "तू पोरीच्या वेण्या घाल."

मी तरी गेलेच. आप्पा ओट्याची कड धरून उभे होते, सांडशी अजून खालीच. मला बघताच ते वाकले, ती उचलली आणि चहाचं पातेलं उतरवलं.

"दवाखान्याच्या कॅन्टीनचा चहा घशाखाली उतरत नाही. इथनंच पिऊन जाऊ."

"आज नुसती तपासणी आहे, आप्पा. भुलीच्या डॉक्टर बघणार आहेत. त्यांनी हो म्हटलं की सोमवारी ऑपरेशन."

"भूल द्यायला बघायचं काय त्यात? मला तर वर्तमानपत्र उघडलं तरी झोप लागते."

जुई फिदीफिदी हसली. ती सहा वर्षांची होती, पहिलीत. शाळेला सुट्टी होती आणि तिला ठेवायचं कुणाकडे हा प्रश्न होता. माझ्या नवऱ्याची, समीरची, नोकरी चाकणला. तो शनिवारी यायचा नि सोमवारी पहाटे जायचा. घरात आम्ही तिघंच. म्हणून जुईही रिक्षात बसली, आजोबांच्या मांडीवर, आणि दवाखाना येईपर्यंत दुकानांच्या पाट्या मोठ्यानं वाचत राहिली.

आप्पा म्हणजे भोईटे सर. साताऱ्याजवळच्या एका शाळेत आयुष्यभर पी. टी. आणि मल्लखांब शिकवला त्यांनी. तालुक्यात कुठंही जा, कुणी तरी पाया पडायला यायचंच. आई गेल्यावर दादानं त्यांना पुण्याला नेलं होतं. तिथं लिफ्ट होती, बाग होती, पण ते महिन्याभरात परत आले. "तिथं मला नाव नाही, फ्लॅट नंबर आहे," म्हणाले. मग माझ्याकडे आले. लेकीच्या घरी राहायचं हे त्यांच्या पिढीला जड जातं. त्यांनी ते बोलून दाखवलं नाही, पण रिकाम्या हातानं जिना चढायचा नाही एवढं मनाशी ठरवलेलं दिसत होतं. दूध, भाजी, गिरणीतलं पीठ, आणि दुपारी शाळेतून जुई. शेजारच्या इनामदार काकू एकदा म्हणाल्या, "सर, लेक राबवते की काय तुम्हाला?" त्यावर आप्पा म्हणाले, "लेकीनं भाडेकरू ठेवलाय. भाडं तिसऱ्या मजल्यापर्यंत पोचवावं लागतं."

आम्ही सगळे हसलो होतो.

भुलीच्या डॉ. मुजावर पन्नाशीच्या असाव्यात. चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला, आवाज जरा घोगरा. त्यांनी जुईला फिरत्या स्टुलावर बसवलं आणि आप्पांचे कागद पुढे ओढले.

"शुगर कधीपासून आहे, सर?"

"हिची आई गेल्यापासून."

"साल सांगा की."

"तेच साल."

डॉक्टरांनी मान वर करून एकवार बघितलं आणि पुढे विचारलं, "बिडी, सिगारेट, तंबाखू?"

"मॅडम, मी पी. टी.चा मास्तर."

"आमचे पी. टी.चे मास्तर मैदानाच्या भिंतीआड जाऊन ओढायचे."

आप्पा मनापासून हसले. त्या आठवड्यात पहिल्यांदाच.

"छातीत दुखतं कधी?"

"नाही."

"दम लागतो?"

चोरी करता का असं विचारल्यासारखा आप्पांचा चेहरा झाला. मला त्यांचं मैदान आठवलं. मल्लखांबावरून उतरलेल्या पोराला ते कधी धापा टाकू द्यायचे नाहीत. तोंड मिट. नाकानं घे. पाठ ताठ. तुला दम लागलाय हे समोरच्याला कळता कामा नये. लहानपणी मीसुद्धा त्या रांगेत उभी राहिलेय, नाकपुड्या फुगवून, डोळ्यांपुढे काजवे चमकत असताना.

"दम बिम काही नाही," आप्पा म्हणाले.

"राहता कुठं?"

"तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नाही."

"चढता रोज?"

"दोन-तीनदा तरी," मी म्हणाले. "आणि हातात पिशवी असते."

डॉक्टर खूश झाल्या. "हे बेस्ट. यांच्या कार्डिओग्रामच्या पट्टीत थोडा फरक दिसतोय, जुना असेल. पण मला पट्टीपेक्षा जिना जास्त सांगतो. दोन मजले न थांबता चढणारा माणूस सहसा टेबलावर दगा देत नाही." त्यांनी पेनाचं टोपण काढलं आणि सहज, लिहिता लिहिता जुईला विचारलं, "आणि तू गं? चालत चढतेस की आजोबांच्या कडेवर?"

"चालतच. आजोबा आता उचलत नाहीत. आम्ही सावधान खेळत येतो."

"ते कसं?"

कुणी तरी आपल्याला विचारलं याचा जुईला कोण आनंद झाला. ती स्टुलावरून उतरली. "वळण आलं ना, की आजोबा म्हणतात, सावधान! मग हलायचं नाही. जो आधी हलेल तो हरला. मी रोज हरते. आजोबा अजिबात हलत नाहीत. डोळेपण मिटतात. आणि हात असा धरतात." तिनं तळवा जबड्याखाली, डाव्या बाजूला लावला. "आणि नाकातून असं करतात." तिनं फुसफुस आवाज काढला.

डॉक्टरांचं पेन थांबलं होतं.

"मग?"

"मग आजोबांचा घाम पुसून झाला की विश्राम. मग पुढचा जिना."

"सगळ्या वळणांवर खेळता?"

"आधी फक्त वरच्या वळणावर होतं. दिवाळीपासून खालच्यापण."

आप्पा जुईकडे बघत होते. रागानं नव्हे. आपल्याच संघातल्या खेळाडूनं चुकून आपल्यावरच गोल केला तर बघावं तसं.

"पोरीचं काय मनावर घेता, मॅडम? खेळ आहे तो. तिला शिस्त लागावी म्हणून..."

"चला सर," डॉ. मुजावर उठल्या. "मलाही खेळायचाय."

दवाखान्याचा जिना रुंद होता. कठड्याला हात लावायचा नाही असं आप्पांनी ठरवलं असावं. डॉक्टरांनी त्यांच्या बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावला आणि त्या शेजारून चालू लागल्या. मी जुईला घेऊन मागे. पहिल्या वळणापर्यंत आप्पा तरण्या पोरासारखे गेले. वळणावर डॉक्टर मुद्दाम थांबल्या नाहीत. आप्पा पुढच्या पायऱ्या चढायला लागले, चार गेल्या, पाच गेल्या, आणि मग ते उभे राहिले. पाठ ताठ. टाचा जुळवलेल्या. तोंड घट्ट मिटलेलं. कानशिलावरून घामाची धार निघाली आणि हात आपोआप जबड्याकडे गेला.

"तोंड उघडा, सर."

आप्पांनी मान हलवली.

"श्वास असा दाबू नका. तोंड उघडा."

नाकपुड्या नुसत्या फडफडत होत्या. खालून वर जाणारी दोन माणसं आमच्याकडे बघत गेली. डॉक्टर एक पायरी वर चढून त्यांच्या समोर आल्या, दोन्ही हातांनी त्यांचे खांदे धरले आणि हळू आवाजात म्हणाल्या, "सर, मैदान सुटलंय. कुणी बघत नाही."

तेव्हा आप्पांनी तोंड उघडलं. जो आवाज आला तो मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. बुडता बुडता वर आलेल्या माणसाचा असतो तसा. ते पायरीवर बसले. मी आप्पांना पायरीवर बसलेलं कधी बघितलं नव्हतं.

"हे असं श्वास लपवायला कुणी शिकवलं तुम्हाला?" डॉक्टरांनी विचारलं.

"मीच," आप्पा धापा टाकत म्हणाले. "सगळ्या तालुक्याला."

सोमवार रद्द झाला. हृदयाच्या डॉक्टरांनी अँजिओग्राफी केली आणि पडद्यावर चित्र दाखवलं. एका मुख्य नळीत रक्ताची काळी रेघ जिथं जाड असायला हवी तिथं केसासारखी बारीक होती. दुसऱ्या नळीतही तीच गत.

संध्याकाळी मी त्यांच्या कॉटशेजारी बसले होते. मनगटातून नळी घातली होती तिथं पट्टी होती. जुईला इनामदार काकूंनी नेलं होतं.

"मला का नाही सांगितलंत, आप्पा?"

"काय सांगायचं? बापाला दुधाची पिशवी झेपत नाही म्हणून?"

"दूध मी आणलं असतं."

"तेच तर."

"तेच म्हणजे?"

ते छताकडे बघत राहिले. "दूध तू आणणार, पोरीला तू आणणार, पीठ तू दळून आणणार. मग मी तुझ्या घरात काय करायचं? जावयाच्या सोफ्यावर बसून टीव्ही बघायचा?"

"कुणी काय म्हणालं तुम्हाला?"

"कुणी नाही म्हणालं. एवढी चांगली माणसं आहात तुम्ही, कधी म्हणणारही नाही. म्हणूनच." मग थोड्या वेळानं, "पोरीला बोलली नाहीस ना?"

"नाही."

"बोलू नको. दिसलं ते सांगितलं तिनं. इतकी पोरं हाताखालून गेली, एकालाही माझा दम कधी दिसला नाही. एवढीशी ती, तिला दिसला." आणि त्यांना थोडं हसू आलं. त्यात अभिमान होता, अजूनही मला तसंच वाटतं.

दुसऱ्या दिवशी डॉ. मुजावरांच्या खोलीत आम्ही बसलो. दादा पुण्याहून फोनवर होता, स्पीकर लावून फोन टेबलावर ठेवलेला.

"आतड्याचं ऑपरेशन म्हणजे दोन-तीन तास," डॉक्टर म्हणाल्या. "रक्त जातं, बीपी वर-खाली होतं. नंतरचे दोन-तीन दिवस तर जास्तच वाईट. माणूस झोपलेला असतो, पण त्याचं हृदय तेव्हा जिना चढत असतं, सर. आणि त्या जिन्याला वळण नसतं. तिथं सावधान म्हणून थांबता येत नाही."

"म्हणजे करायचं नाही?" दादाचा आवाज आला.

"तसं नाही. दोन रस्ते आहेत. एक, आहे असंच सोमवारच्या ऐवजी गुरुवारी ऑपरेशन करायचं. त्यात टेबलावर किंवा नंतर मोठा झटका यायची भीती खरी आहे. दोन, आधी नळ्या उघडायच्या, स्टेंट घालायचे. पण मग रक्त पातळ करायच्या गोळ्या सुरू होतात आणि त्या महिनाभर तरी बंद करता येत नाहीत. तेवढे दिवस गाठ आत राहणार. ती रक्त सांडू शकते. वाढू शकते. आतडं अडवू शकते."

"सहा वर्षांच्या पोरीच्या खेळावरून एवढं सगळं ठरवताय तुम्ही?" दादा म्हणाला.

"नळीचं चित्र पोरीनं काढलेलं नाही," डॉ. मुजावर शांतपणे म्हणाल्या.

आप्पांनी विचारलं, "मॅडम, तुमचे वडील असते तर?"

"माझे वडील असते तर मी त्यांना दुसऱ्या डॉक्टरकडे पाठवलं असतं. माझं डोकं चाललं नसतं."

"आता चालतंय?"

"चालतंय. आणि तरी मला खात्रीनं सांगता येत नाही. मला भीती कुठली जास्त वाटते एवढंच सांगू शकते. मला हृदयाची जास्त वाटते."

आप्पांनी टेबलावरच्या फोनकडे बघितलं, मग माझ्याकडे. "आधी हृदय," म्हणाले. "हिच्या दारात कुणी मला टेबलावरून थेट आणलेलं नको."

दोन स्टेंट घातले आणि आप्पा घरी आले. जिना त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून, प्रत्येक वळणावर खुर्ची टाकून चढला. जुई खुर्ची घेऊन पुढे धावायची. आता तिला खेळ नको होता. तिला काम मिळालं होतं. पंधरवड्यातच आप्पांचा चेहरा बदलला. ओठ निळसर असायचे ते लाल दिसायला लागले. ते मटार सोलायचे, जुईचे पाढे घ्यायचे, आणि सकाळी गॅलरीत उभं राहून पूर्ण तोंड उघडून जांभई द्यायचे. मला ती जांभई फार आवडायची. सर्जननी तारीख दिली. मी रजेचा अर्ज टाकला.

तारखेच्या आधीच्या आठवड्यात, दुपारी, आप्पा जेवले नाहीत. पोट फुगल्यासारखं वाटतंय म्हणाले. चार वाजता उलटी झाली. संध्याकाळी पोट दगडासारखं झालं आणि त्यांना उताणं झोपवेना. इनामदार काकूंच्या मुलानं आणि खालच्या दुकानातल्या दोघांनी त्यांना खुर्चीत बसवून खाली नेलं. आप्पा त्यांना म्हणत होते, "पाठीतनं नका वाकू. गुडघ्यात वाका, गुडघ्यात."

आतडं अडलं होतं आणि फुटलंही होतं. गोळ्यांमुळे रक्त पातळ, पोटात विष पसरलेलं, आणि थांबायला वेळ नाही. डॉ. मुजावर सुट्टीवर होत्या. त्या घरच्या कपड्यांत आल्या. ऑपरेशन संपल्यावर बाहेर येऊन त्यांनी मला बाकावर बसवलं आणि स्वतःही बसल्या.

"हृदयानं चांगली साथ दिली," त्या म्हणाल्या. "स्टेंट उघडे आहेत. बाकीचं बघू."

बाकीचं राहिलं नाही. आधी मूत्रपिंडं गेली, मग फुफ्फुसं. यंत्रानं श्वास द्यायला सुरुवात केली तेव्हा नळीसाठी आप्पांचं तोंड उघडं ठेवलं होतं आणि मी त्यांच्याकडे बघत नव्हते, पडद्यावरच्या हिरव्या रेघेकडे बघत होते. ती शेवटपर्यंत नीट, सारख्या उंचीच्या लाटा काढत राहिली. सगळं बंद पडल्यावरही काही वेळ.

डॉ. मुजावर दारात उभ्या होत्या.

घर माणसांनी भरलं. आप्पांचे विद्यार्थी यायचे, टक्कल पडलेले, पोटं सुटलेले, आणि जिना चढून आले की दारात तोंड मिटून, ताठ उभे राहून नाकानं श्वास घ्यायचे. मला ते बघवायचं नाही.

दहाव्याच्या आदल्या दिवशी दादा स्वयंपाकघरात माझ्यासमोर उभा राहिला. आठ-नऊ दिवसांची दाढी, डोळे सुजलेले. त्याला भांडायला माणूस हवं होतं आणि त्याचं हक्काचं माणूस मीच.

"त्या सोमवारीच उरकलं असतं तर गाठ अडायच्या आत बाहेर आली असती."

"टेबलावर गेले असते, दादा. नळी बघितलीस ना तू?"

"गेले असते, असते! माहीत आहे तुला? कुणाला माहीत आहे? एवढी वर्षं धडधाकट राहिलेला माणूस, तपासणी पार पडलेली, ती बाई सही करत होती, केतकी, पेन कागदावर होतं तिचं! आणि पोरगी काहीतरी बोलली नि सगळं लांबलं."

"हळू बोल."

"हळू काय बोलू? माझाही बाप होता तो." आणि तो ओट्यावर डोकं टेकून रडायला लागला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. त्याच्या खांद्यावरून मला दिसलं: दारात जुई उभी होती, पाहुण्यांचे रिकामे कप ट्रेमध्ये घेऊन. तिनं ट्रे फ्रिजशेजारी खाली ठेवला, एकही कप वाजू न देता, आणि बाहेर गेली.

त्या दिवशी ती कुणाशी बोलली नाही. रात्री जेवली, झोपली. मला वाटलं, लहान आहे, अर्धं कळलं नसेल.

सकाळी मी तिला न्हाऊ घालत होते. पाणी कढत झालं होतं, मी विसण घातलं. केसांना शिकेकाई लावली, डोळे मिटायला सांगितलं. तिनं मिटले. मी तांब्या भरून डोक्यावर ओतणार एवढ्यात तिनं तसेच मिटल्या डोळ्यांनी माझं मनगट पकडलं.

"आई, मी त्या डॉक्टरांना काहीच सांगितलं नसतं, तर आजोबा आत्ता घरी असते?"